चित्रातला खडक

बोर्लीच्या आमच्या घरात, ओटीवरून आत आलं की समोरच्या भिंतीवर एक चित्र आहे. आलेला पाहुणा आधी चपला काढतो, मग चित्राकडे बघतो आणि मग मला विचारतो, "आजी, हे काय आहे?" असं विचारणाऱ्याला आमच्याकडे चहा मिळतो, उत्तर मिळत नाही. नातवंडांनी त्यात हत्ती शोधला, जावयाने नकाशा शोधला, आणि एका शिकल्यासवरल्या बाईंनी बराच वेळ मागेपुढे होऊन "यात एकटेपणा आहे हो" असं सांगितलं आणि दोनदा भजी मागून घेतली. चित्रात ओळखू येईल अशी वस्तू एकही नाही. डावीकडे वर गडद निळाहिरवा रंग आहे, खाली पातळ ताकासारखा फिका पट्टा, मधोमध राखी, आणि उजव्या अंगाला ताटाएवढा तांबूसकाळा डाग, हाताला खरखरीत लागणारा. डावीकडच्या गडद रंगातून एक बारीक चरी निघते आणि राखी रंग ओलांडून त्या डागात जाऊन थांबते. ती चित्रकाराने काढलेली नाही. ती माझ्या बाच्या बोटाची आहे, आणि तिची गोष्ट मी आजवर कुणाला धड सांगितलेली नाही.

आमचं मूळ घर, जिथून हे चित्र इथे आलं, ते खाडीच्या तोंडाशी. पुढच्या दारी समुद्र, मागच्या दारी खाडी, आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत तीसचाळीस घरं, जाळी, होड्या आणि मांजरं. घराला एक वास होता, तो आम्हाला येत नसे, परक्याला वेशीपासून येई. वाळवलेल्या बोंबलांचा, कोलमाच्या बारीक सुकटीचा आणि जाळी रंगवायच्या सालीचा. तेव्हा नायलॉन आमच्याकडे आलेलं नव्हतं. सुताची जाळी कुजू नयेत म्हणून ऐनाची साल मोठ्या हंड्यात दिवसभर उकळायची आणि त्या तांबड्या काढ्यात जाळी बुडवून ठेवायची. ते काम आईचं. काढा तयार झाला की नाही हे ती काठीने थेंब उचलून, तळहातावर टाकून ठरवी. हाताच्या रेघांत रंग धरला की म्हणे, "झालं, उतरवा." हंड्याखालची लाकडं ओढून घेतली की त्याच निखाऱ्यांवर ती आमच्यासाठी सुके बोंबील भाजायची. तांदळाची भाकरी, भाजलेला बोंबील आणि कच्चा कांदा. या वयात डॉक्टरने मीठ बंद केलंय, त्यामुळे पुढचं वर्णन करत नाही, मला त्रास होतो.

बा तांडेल होता. होडी आमची, तिच्यावर माझा गणूकाका आणि आणखी सहा जण, आणि मागे सुकाणूवर बा. आमच्या खाडीचं तोंड वाईट होतं. एका अंगाला वाळूचा दांडा, तो दर पावसाळ्यात जागा बदलायचा, आणि दुसऱ्या अंगाला पाण्याखालचा खडक. आत शिरायची वाट या दोघांच्या मधून, दोन होड्या शेजारी मावणार नाहीत इतकी. खुणेचं लाकूड नाही, दिवा नाही, फक्त पाण्याचा रंग बघायचा. फिकं पाणी म्हणजे खाली वाळू. निळसर काळं म्हणजे खोल. तांबूस काळं म्हणजे खडक, त्यावरच्या शेवाळाचा रंग वर येतो. मी लहान असताना बा मला खाडीच्या तोंडावरच्या कड्यावर खांद्यावर घेऊन बसायचा आणि विचारायचा, "यमे, ते कसलं पाणी?" बरोबर सांगितलं की खिशातला चणा. चुकलं की तोच चणा तो स्वतः खायचा, आणि मुद्दाम कडाकडा वाजवून खायचा. सातव्या वर्षापर्यंत मी त्याचे सगळे चणे संपवायला लागले होते.

मी बारातेरा वर्षांची असतानाच्या हंगामात, होळीनंतर, आमची होडी खाडीत शिरताना दांड्याला लागली. कुणाला इजा झाली नाही, पण तळाच्या तीन फळ्या गेल्या. बा म्हणाला, दांडा सरकलाय. बाकीचे म्हणाले, सरकला असेल. ज्याचं सुकाणू कधी चुकलं नाही त्याचं बोलणं कोण खोडणार? पुढे पावसाळ्यासाठी होड्या वर ओढल्या, झावळ्यांनी शाकारल्या, आणि फळ्या बसवून झाल्या.

त्याच उन्हाळ्यात करमळकर मास्तर आमच्या पडवीत राहायला आले. मुंबईला शाळेत चित्रकला शिकवत, ती नोकरी सोडून आलेले. उंच, वाकलेले, शर्टाच्या बाह्या कायम रंगाने बरबटलेल्या. आधी हरिहरेश्वराला राहिले होते, पण तिथे येणारे यात्रेकरू त्यांच्याकडून देवाची चित्रं मागत, म्हणून कंटाळून आमच्याकडे आले. पहिला आठवडा ते नुसता वरणभात जेवले, तोही खिडकीकडे तोंड करून. आषाढात आईने खाडीच्या चिखलातले निवटे मासे केले तेव्हा त्यांनी रस्सा मागितला, आणि श्रावणाच्या तोंडावर ते पाटावर बसून चिंबोरीची नांगी दाताने फोडत होते. आई म्हणाली, "मास्तर बिघडले." त्यांनी मान हलवली आणि दुसरी नांगी उचलली.

ते काढायचे काय, हे आम्हाला कळत नसे. मोठ्या ताणलेल्या कापडावर रंग लावायचे, खरवडायचे, परत लावायचे. त्यात किनाऱ्यावरची वाळू मिसळायचे, चुलीतली राख मिसळायचे, आणि एकदा आईच्या हंड्यातला काढा वाटीभर मागून नेला. आईला वाटलं, पोटासाठी. गणूकाका रोज डोकावून जायचा आणि म्हणायचा, "अजून होडी दिसंना." काकाला प्रत्येक चित्रात होडी हवी असे. मास्तर चिडत नसत. म्हणत, "होडी तुमच्याकडे आहेच की, मी कशाला काढू?"

नारळी पुनवेला दहाएक दिवस असताना मास्तरांनी सांगितलं, उद्या मी निघतो. म्हसळ्याहून मोटार धरणार होते. संध्याकाळी त्यांनी ते चित्र पडवीतून ओटीवर आणलं आणि भिंतीला टेकवून ठेवलं. म्हणाले, "हे तुमच्या घराला. रंग अजून ओला आहे, महिनाभर हात लावू नका." आम्ही चौघं समोर बसलो. बा, आई, काका आणि मी. आई म्हणाली, "चांगलं हाय. करपलेल्या तव्यासारखं." काका म्हणाला, "होडी न्हाय." मास्तर हसायला लागले. म्हणाले, "यात काय आहे ते शोधूच नका. रंग कसा वाटतो, हात न लावता चित्राचं अंग कसं वाटतं, मऊ की खरखरीत, आणि बघताना मनाला कसं होतं, एवढंच सांगा. तांडेल, तुम्ही सांगा."

बा उठून पुढे गेला. त्याला आव्हान दिलेलं आवडायचं. म्हणाला, "हे पाणी हाय." मास्तर म्हणाले, "असू दे की. मग?" बा म्हणाला, "मग काय, होडी आत घ्यायची." आम्ही सगळे पुढे सरकलो. बाने डावीकडच्या गडद रंगावर बोट ठेवलं. मास्तर "अहो" म्हणाले, पण तोवर बोट निघालं होतं. "हे काळं, खोल. इथनं शिरायचं. खाली वाळू हाय, तिकडं जायचं न्हाय. हे मधलं जरा गढूळ, हळू घ्यायचं. आणि समोर परत काळं, परत खोल. सरळ चालायचं." आणि बोट सरळ त्या तांबूस डागात गेलं.

मला इतका आनंद झाला! जन्मात पहिल्यांदा मी बाला पकडलं होतं. मी टाळी वाजवून ओरडले, "बा, तिथं खडक हाय! होडी फुटली! काढ चणा!"

बा म्हणाला, "कुठं?"

बोट खडकावर ठेवून तो खडक कुठे म्हणून विचारत होता. काका हसत होता तो हसायचा थांबला. मग बाचं बोट त्या डागातली वाळू चाचपायला लागलं, हळू, कडेकडेने, आणि तो मोठ्याने म्हणाला, "व्हय की. खरखरीत हाय. गंमत केली तुमची." काका पुन्हा हसला, मास्तरही हसले. आई हसली नाही. मास्तरांनी विषय मोडू नये म्हणून विचारलं, "आणि मनाला कसं होतं, तांडेल?" बा दोन पावलं मागे आला आणि म्हणाला, "भरती पुरी झाली की पाणी थांबतं बघा. आत येत न्हाय, बाहेर जात न्हाय. तसं वाटतंय. काय करावं त्या पाण्याला ठावं न्हाय." मास्तर म्हणाले, "चार महिने मी तेच काढत होतो, मला हे असं सांगता आलं नसतं." रंग चुकलेल्या माणसाने चित्राचं मन मात्र अचूक सांगितलं होतं. चरी बुजवू का, असं मास्तरांनी आईला विचारलं, मग स्वतःच नको म्हणाले, आणि सकाळी ते गेले.

मला तेव्हा अर्धंच कळलं होतं. उरलेलं अर्धं दुसऱ्या दिवशी कळलं. आई खाडीवर गेलेली, काका जाळ्याशी. बाने मला चित्रासमोर बसवलं आणि म्हणाला, "यमे, एकेक रंग सांग. आणि कुठनं कुठपर्यंत ते माझं बोट धरून दाखव." मी दाखवत गेले. ओला रंग हलणार नाही इतक्या हलक्या बोटाने त्याने कडा चाचपल्या, गुळगुळीत कुठे, वाळू कुठे, राख कुठे. घटकाभरात सगळं पाठ. मग डोळे मिटून त्याने मला अख्खं चित्र म्हणून दाखवलं, एक रंग चुकला नाही. घरात आजवर हे लक्षात का आलं नव्हतं, तेही मला तेव्हा समजलं. शीड तांबडं, आईचं लुगडं हिरवं, पिकलं केळं पिवळं, हे त्याला बघावं लागतच नव्हतं. वस्तू समजली की रंग आठवायचा. चित्रात वस्तूच नव्हती.

मी म्हणाले, "मंग झालं की बा! पाण्याचंबी असंच पाठ करू. मी सांगते तुला."

तो हसला. म्हणाला, "चित्राला हात लावता येतो, पोरी. पाण्याखालच्या खडकाला हात लागतो तवा होडी लागलेली असते." मग म्हणाला, "आईला बोलू नको. काकालाबी न्हाय. एक हंगाम निघंल."

एक हंगाम! आठ माणसं, आणि ती वाट. बाकीच्या सहांमधले दोघे माझ्या मैत्रिणींचे भाऊ होते. मी त्यांच्या घरी जायचं बंद केलं. मला बाचा राग आला, आणि राग आला म्हणून रडू आलं, कारण मला जगात बाइतकं कुणीच आवडत नव्हतं. टाळी वाजवणारे हात तोडून टाकावेत असं वाटायचं. चार दिवस मी भाकरी चिवडून मांजरांना घातली. पाचव्या दिवशी आई मागच्या दारी राख लावून निवटे साफ करत होती, मी तिच्यासमोर जाऊन बसले आणि म्हणाले, "आई, बाला रंग दिसत न्हाय."

आईने मान वर केली नाही. "ठावं हाय. होळीच्या आधीपासनं. हिरव्या मिरच्या आण म्हटलं तर लाल घेऊन आला."

"मंग तू सांगत का न्हाय?"

"मी सांगितलं तर बायकोनं बसवला म्हणतील. तोबी तेच म्हणंल, मरेपर्यंत. त्याचा तो उतरला पायजे."

"आणि न्हाय उतरला तर?"

आईने निवटा पाण्यात टाकला, हात झटकले आणि शांतपणे म्हणाली, "तर पुनवेच्या आदल्या दिवशी सुकाणू काढून चुलीत घालीन." माझी आई थट्टा फार करायची, पण थट्टा करताना तिचा एक डोळा बारीक होत असे. तेव्हा तो झाला नव्हता. मी त्या दिवशी पोटभर जेवले.

पुनवेच्या आदल्या संध्याकाळी आई चुलीपुढे बसली होती आणि मी तिच्याकडे बघत होते. बा ओटीवर चित्रासमोर बसला होता. दिवा लावायची वेळ झाली तरी तो उठला नाही. आई दोनदा दारापर्यंत गेली, त्याच्या पाठीकडे बघितलं आणि परत आली. दुसऱ्यांदा परत आली तेव्हा म्हणाली, "नारळ किस." आणि मी नारळीभातासाठी नारळ किसायला बसले. तिने सुकाणूला हात लावला नाही. का लावला नाही, हे मी तिला पुढे अनेकदा विचारलं. तिचं उत्तर एकच, "पाठ बघून कळतं."

पुनवेला सगळी वाडी खाडीच्या किनाऱ्यावर होती. होड्यांना पताका, पुढच्या टोकाला, नाळेवर, हळदकुंकू, बायकांच्या डोक्यांत अबोलीच्या वेण्या. दुपारी भरती पुरी झाली. बाने सोनेरी कागदात गुंडाळलेला नारळ गुडघाभर पाण्यात जाऊन सोडला, हात जोडले, आणि खलाशी होडीला खांदा लावून उभे राहिले. तांडेल मागून चढतो. बा मागे आला, सुकाणूच्या दांड्यावर हात ठेवला आणि तसाच उभा राहिला. पाणी थांबलेलं होतं. मग तो हात काढून होडीच्या कडेकडेने चालत नाळेकडे गेला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "गणू, मागं जा."

काका म्हणाला, "दादा?"

"मला पाण्याचा रंग दिसत न्हाय. गेल्या शिमग्यानंतर होडी लागली तवा दांडा सरकला नव्हता. मी चुकलो. तुमच्या घरच्यांनी माणसं माझ्या भरवशावर धाडली आणि मी बोललो न्हाय. ती चूक दांड्यापेक्षा मोठी."

काकाने वाकून त्याच्या पायाला हात लावला. होडीवर एक म्हातारा खलाशी होता, तो म्हणाला, "आणि तू तिथं पुढं काय करणार?" बाने नाळेतून दोरी उचलली, टोकाला शिशाचा गोळा बांधलेली. गोळ्याच्या बुडाला चरबी लावून तो पाण्यात सोडला की तळाची वाळू, चिखल, शिंपल्यांचा चुरा, जे असेल ते चिकटून वर येतं. "शिसं टाकीन आणि तळ हातानं सांगीन," बा म्हणाला. "पुढनं हात, मागनं डोळे. चला, ओहोटी लागंल." आणि होडी पाण्यात गेली. सरळ, दांडा आणि खडक यांच्या मधून, खरी वाट धरून. ती दिसेनाशी होईपर्यंत मी बघत होते आणि तोंडाने रंग पुटपुटत होते. संध्याकाळी आईने सगळ्यांना नारळीभात वाढला. बाच्या पानात दोनदा वाढला आणि म्हणाली, "सुकाणू चुलीत जायचं वाचलं." बाला ते समजलं की नाही कोण जाणे, तो मुकाट्याने जेवला.

पुढे दोनतीन वर्षांनी काकाने त्याला मुंबईला नेऊन मोतीबिंदू काढून आणला. बाटलीच्या बुडासारखा चष्मा लावून बा घरी आला तो सगळ्याला नावं ठेवत. आकाश फार निळं, आई फार काळी. ओटीवर येऊन त्याने चित्र पाहिलं, चरी पाहिली, चरीच्या टोकाचा तो तांबूस डाग पाहिला. तो म्हणाला, "खडक हाय खरा. पण मास्तरानं तो चुकीच्या जागी ठेवलाय." आणि खिशातून चणा काढून माझ्या हातावर ठेवला. सुकाणू त्याने परत कधी मागितलं नाही, आणि काकाने दोनदा देऊ केलं तरी घेतलं नाही.

इतकी वर्षं मी ही गोष्ट अशीच धरून होते की बा चुकला होता, आणि चूक कबूल केली म्हणून मोठा होता. गेल्या वर्षी माझे डोळे गेले. तोच मोतीबिंदू, घराण्यातून आला म्हणायचा. हल्ली तो अर्ध्या तासात काढतात, घाबरण्यासारखं काही नव्हतं. पण शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी घरात कुणी नव्हतं, आणि मला वाटलं, चित्राला एकदा भेटावं. जवळ जाऊन उभी राहिले. निळाहिरवा गेला होता, तांबूस गेला होता. डावीकडे काळं, मध्ये गढूळ, उजवीकडे परत काळं. खाली वाळू. मी डावीकडे बोट ठेवलं आणि मुद्दाम चरी सोडून, चार बोटं वरून, मला दिसेल त्या खोल पाण्याने होडी आत घेतली. मध्ये हळू घेतलं. समोर वाट मोकळी दिसत होती, सरळ.

आणि बोटाला खडकाची खरखरीत वाळू लागली.